कॅबेजेस अँड कंडोम्स, बँकॉक: अक्काचा मंगळवार आणि न निवडलेला पंतप्रधान

आम्ही दोघी गेलो तो मंगळवार होता. अक्काचा यल्लम्माचा वार, म्हणजे मासमच्छी बंद. बँकॉकमध्ये हा नेम पाळणं अवघड जातं. तिथल्या स्वयंपाकात खारटपणा येतो तोच मुळी नाम प्लाने, म्हणजे मासे आंबवून काढलेल्या पाण्याने. म्हणून जाणाऱ्यांना आधीच सांगते, एक शब्द पाठ करून जा: मांगसाविरात. दोनदा म्हणून बघितलात की लक्षात येईल, तो आपला मांस-विरती आहे. इथे वाढणाऱ्या मुलीला मी तो शब्द म्हटला, अक्काने दोन्ही हात जोडले, आणि मुलीने मेनूवर बोट ठेवून आम्हाला चालतील ते पदार्थ एकेक दाखवले.

सुखुमवित रस्त्याच्या बाराव्या सोईत, म्हणजे गल्लीत, हे हॉटेल आहे. आकाशगाडीच्या आशोक स्टेशनवरून पायी जाता येतं. मी मुद्दाम इथेच जेवायचं ठरवून आले होते आणि येताना अक्काला बरोबर आणलं होतं. त्याचं कारण सांगितल्याशिवाय या जागेबद्दल लिहिता येणार नाही.

मी बावीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रात एचआयव्ही समुपदेशक होते. अक्का त्याच शहरातल्या एका गल्लीत धंदा करायची. धंदा हा तिचाच शब्द, मी तो बदलत नाही. नंतर ती पिअर झाली, म्हणजे धंद्यातल्या बायांमधलीच कार्यकर्ती. खांद्याला पिशवी अडकवून घरोघर निरोध वाटायचे, नव्या मुलींना समजवायचं, आजारी बाईला तपासणीला घेऊन यायचं. ती मला ताई म्हणते, मी तिला अक्का. वयाने ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. तिच्या मुलाने तिकीट काढून दिलं, माझ्या भाच्याने राहायची सोय केली, आणि आम्ही निघालो.

नावाची गोष्ट आधी. कोबी जसा कुठल्याही भाजीच्या गाड्यावर मिळतो तसा कंडोम मिळाला पाहिजे, तितकाच साधा आणि तितकाच बिनलाजेचा, हे या जागेच्या संस्थापकाचं म्हणणं. संस्थापक म्हणजे मीचाय वीरवैद्य. आडनाव खरोखरच असं आहे, वीर आणि वैद्य. मीचाय म्हणजे ज्याच्याकडे जय आहे तो. १९७४ मध्ये त्यांनी लोकसंख्या आणि ग्रामविकासासाठी संस्था काढली आणि गावोगाव कुटुंबनियोजन नेलं. शाळेत कंडोम फुगवायच्या शर्यती लावल्या. एवढं केलं की थायलंडमध्ये लोक कंडोमलाच ‘मीचाय’ म्हणू लागले. आपल्याकडे १९६८ मध्ये सरकारने निरोध बाजारात आणला आणि तो शब्द वस्तूचंच नाव होऊन बसला, तसंच. फरक इतकाच की इथे एका जिवंत माणसाचं नाव त्या वस्तूला लागलं आणि त्या माणसाने ते आनंदाने मिरवलं. हॉटेलचा नफा त्याच संस्थेच्या कामाला जातो.

आत अंगण आहे, झाडांवर बारीक दिवे आहेत. दिव्यांवरची झाकणं कंडोमची. माणसाच्या उंचीचे पुतळे उभे आहेत आणि त्यांचे कपडेही रंगीबेरंगी कंडोमचे शिवलेले. अक्का एका पुतळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. झग्याच्या काठाला हात लावून तिने कंडोम कसे ओवलेत ते बघितलं.

“ताई, आपण पिशवीत लपवून न्यायचो. हितं झालर लावलीया.”

मी काही बोलले नाही. पिशवीवर वरून भाजी ठेवायची तिची युक्ती मला आठवली. बहुतेक मेथीची जुडी असायची.

जेवण. आधी तोम खा मागवलं, कोंबडीऐवजी अळंबी घातलेलं. नारळाचं दूध, गवती चहाच्या कांड्या, लिंबाची पानं आणि खा, म्हणजे आपलं कुलिंजन. आपल्याकडे घसा बसला की गायक मंडळी जे चघळतात तेच हे, पण इथे ओल्या चकत्या कापून घालतात. या चकत्या आणि कांड्या चावायच्या नसतात, बाजूला काढायच्या. अक्काने पहिली चकती चावली आणि डोळ्यांत पाणी आणून हसली. मग कच्च्या पपईची कोशिंबीर, सोम ताम. एरवी तिच्यात सुकट आणि नाम प्ला दोन्ही पडतात, आमच्यासाठी नुसतं लिंबू, गूळ, मिरची, शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटलेली आली. तिची चव मला अजून आठवते. पपईचा करकरीतपणा राहिला होता आणि शेंगदाणा ओबडधोबड कुटलेला होता. अक्का म्हणाली, खरडा आणि कोशिंबीर एका ताटात कालवल्यासारखं लागतंय. सोबत टोफूची आमटीसारखी करी आणि वाफाळता भात. शेवटी शिंगाड्यासारख्या एका कंदाचे लाल रंगवलेले तुकडे नारळाच्या दुधात बर्फ घालून दिले. त्याला तब तिम क्रोप म्हणतात. तिखटानंतर हेच मागवा.

मी मात्र इथे आले होते ते आणखी एका माणसासाठी, ज्याचा या स्वयंपाकघराशी थेट संबंध नाही.

मीचायना कंडोमचं हे काम एड्स रोखायला देशभर करायला मिळालं ते १९९१ मध्ये, आणि मिळालं ते एका अशा पंतप्रधानामुळे ज्याला कुणीच मत दिलं नव्हतं. आनंद पन्याराचून. थाई लोक शेवटचा द उच्चारत नाहीत, लिहितात मात्र. थाईत पंतप्रधानाला नायोक रत्थमोन्त्री म्हणतात, नायक आणि राष्ट्रमंत्री. आणि लष्कराने सत्ता हिसकावण्याला रत्थप्रहान, राष्ट्रप्रहार. भाच्याने हे दोन शब्द सांगितले तेव्हा मला वाटलं, आपण बंड, उठाव असे शब्द वापरतो त्यांत कुणावर काय झालं ते कळत नाही. या शब्दात ते उघड आहे.

२३ फेब्रुवारी १९९१ ला चातिचाय चूनहावान हे निवडून आलेले पंतप्रधान विमानात बसले होते, चियांग माईला राजाकडे निघाले होते. डॉन मुआंग विमानतळावर, विमानातच, लष्कराने त्यांना धरलं. त्यांच्या मंत्रिमंडळाला लोक ‘बुफे मंत्रिमंडळ’ म्हणायचे, ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यायचं. भ्रष्टाचाराचं कारण सेनापतींनी सांगितलं आणि संविधान रद्द केलं. पण स्वतः लगेच खुर्चीत बसणं बरं दिसलं नसतं. त्यांना जगासमोर ठेवायला एक स्वच्छ चेहरा हवा होता. २ मार्चला त्यांनी आनंदना नेमलं.

हा माणूस केंब्रिजमध्ये कायदा शिकलेला, अमेरिकेत आणि संयुक्त राष्ट्रांत राजदूत राहिलेला. १९७५ मध्ये थायलंडने चीनशी संबंध जोडले त्या कामात ते होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७६ च्या राष्ट्रप्रहारानंतर, कम्युनिस्टांचा हस्तक असल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीत निर्दोष ठरले, पण काही काळाने सरकारी नोकरी सोडून उद्योगात गेले. म्हणजे एका उठावाने ज्याचं नाव खराब केलं त्यालाच पंधरा वर्षांनी दुसऱ्या उठावाने पंतप्रधान केलं.

ही गोष्ट मी अक्काला भात येईपर्यंत सांगितली. तिने एकच विचारलं, “मग त्यानं निरोधचं काय केलं?”

सांगते. त्या आधीची स्थिती अशी. जून १९८९ च्या सरकारी पाहणीत चियांग माईच्या कुंटणखान्यांत तपासलेल्या बायकांपैकी ४४ टक्क्यांना एचआयव्ही निघाला होता. त्याच वर्षापासून लष्कर भरतीला आलेल्या एकवीस वर्षांच्या पोरांचं रक्त तपासू लागलं होतं, आणि उत्तरेकडच्या पोरांचे आकडे भीती वाटावी असे येत होते. म्हणजे लष्कराला घरातच कळलं होतं. पण सरकार जपून बोलत होतं, कारण पर्यटक घाबरतील. आनंदनी एड्सचा प्रश्न आरोग्य खात्याकडून उचलून पंतप्रधानांच्या कार्यालयात आणला. राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. मीचायना मंत्री केलं आणि त्यांच्याकडे पर्यटन, माहिती आणि एड्स ही तिन्ही कामं एकत्र दिली. पर्यटनाची भीती घालणारं खातं आणि एड्सबद्दल बोलणारं खातं एकाच माणसाच्या हाती आलं, त्यामुळे अडवायला कुणी उरलं नाही. रेडिओ-टीव्हीवर दर तासाला एड्सची माहिती लागू लागली.

आणि ‘शंभर टक्के कंडोम’ योजना देशभर लागू झाली. ती आनंदनी शोधलेली नाही, हे नीट सांगायला हवं. ती १९८९ मध्ये रातचबुरी प्रांतात डॉ. विवत रोजनपित्थयाकोर्न यांनी सुरू केली होती. तिचं सूत्र साधं आहे. एका प्रांतातल्या सगळ्या कुंटणखान्यांनी एकाच वेळी एकच नियम पाळायचा, कंडोम नाही तर गिऱ्हाईक नाही. एकट्या बाईने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्याच दारांत नाही म्हटलं तर ते कुठे जाणार? गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्या पुरुषाला विचारायचं, कुठे गेला होतास, आणि मग त्या ठिकाणी जाऊन मालकाला जाब विचारायचा. सरकार वर्षाला सुमारे ६ कोटी कंडोम फुकट पुरवू लागलं.

१९८९ च्या सुरुवातीला धंद्यात कंडोमचा वापर १४ टक्के होता, १९९३ पर्यंत तो ९४ टक्के झाला. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे १,४३,००० नव्या लागणी होत होत्या, २००३ मध्ये त्या १९,००० वर आल्या. माझ्या नोकरीची पहिली कित्येक वर्षं मी हे आकडे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले होते. समोर कुणी रिपोर्ट घेऊन रडत असलं की माझी नजर तिकडे जायची.

आणखी एक गोष्ट त्या सरकारने केली, ती आकड्यांत मावत नाही. रुग्णांची नावं-पत्ते सरकारला कळवायची सक्ती उठवली. मला याचं मोल किती वाटतं ते कसं सांगू. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, आमच्या एका मुलीच्या खाटेला लाल शाईने लिहिलेली पाटी टांगली होती. येणारा-जाणारा वाचत होता. अक्काने ती पाटी ओढून काढली आणि पदराखाली धरून बाहेर आली, तेव्हा तिला पहारेकऱ्याने अडवलं. पाटी तिने दिली नाही.

भात खाऊन झाल्यावर अक्का बोलू लागली, आणि तिचं म्हणणं मला इथे लिहायलाच हवं. “ताई, जाब कोन इचारायचं?” मी म्हटलं, आरोग्याचे लोक आणि पोलीस. ती मान हलवत राहिली. पोलीस दारात आला की त्याला नियम पुरत नाही, तो हप्ताबी मागतो, ती म्हणाली. आमच्याकडं वरनं कुनी हुकूम काढला न्हाई. आमचं आमी बसून ठरवलं, गल्लीतल्या समद्यांनी, ह्या दारात न्हाई तर कुटंच न्हाई. म्हणून ते टिकलं.

सूत्र तेच, पण ते लागू करणारा हात वेगळा. थायलंडमधल्या धंदा करणाऱ्या बायकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही या योजनेवर हीच टीका राहिली आहे, की तिने मालकाला आणि पोलिसाला बळ दिलं, बाईला नाही. अक्काने हे कुठे वाचलेलं नव्हतं. तरीही मी तिला म्हटलं, अक्का, १९९१ मध्ये बाया एकत्र बसून ठरवेपर्यंत थांबले असते तर किती गेल्या असत्या? त्यावर ती गप्प बसली. तिच्या गल्लीतली गेलेली माणसं ती नावाने मोजते, मला माहीत आहे.

त्याच दिवशी सकाळी आम्ही राचदम्नोएन रस्त्यावर लोकशाही स्मारक बघून आलो होतो. थाईत लोकशाहीला प्रचातिपताय म्हणतात, प्रजाधिपत्य. चौकात चार उंच पंखांसारखे खांब आहेत, भोवती वाहनं फिरत राहतात. ज्या सेनापतींनी आनंदना नेमलं त्यांनी मार्च १९९२ मध्ये निवडणूक घेतली, आणि एप्रिलमध्ये लष्करप्रमुख सुचिंदा क्राप्रायून स्वतः पंतप्रधान झाले. निवडणूक न लढवता, आणि आपण होणार नाही असं आधी सांगून. लोक रस्त्यावर आले. १७ ते २० मे या दिवसांत याच रस्त्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी हिशेबाने ५२ माणसं मेली, कित्येक बेपत्ता झाले ते सापडले नाहीत. जवळच्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यात डॉक्टर जखमींवर उपचार करत होते, सैनिक तिथेही घुसले. सुचिंदांना जावं लागलं. जूनमध्ये पुन्हा आनंदनाच बोलावलं. या वेळी चार महिन्यांच्या आत त्यांनी दोन गोष्टी केल्या: गोळीबाराला जबाबदार असलेल्या बड्या सेनापतींना त्यांच्या पदांवरून हलवलं, आणि सप्टेंबरमध्ये निवडणूक घेऊन खुर्ची सोडली.

बंदुकीने आणलेला माणूस चांगला निघाला, तर बंदूक चांगली म्हणायची का? एक वाक्य मी आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकते: दोन वर्षं लष्कराच्या हाती द्या, सगळं सुतासारखं सरळ होईल. त्यात आनंद यांचं नाव घेणारेही मला भेटले आहेत. मला ते पटत नाही, आणि एड्सच्या कामामुळेच पटत नाही. सेनापतींनी त्यांना कंडोम वाटायला नेमलं नव्हतं, आपल्या कृत्यावर पांघरूण घालायला नेमलं होतं. योजना आधीपासून प्रांतात चालू होती, एका सरकारी डॉक्टरने उभी केलेली. मीचाय पंधरा-सतरा वर्षं गावोगाव फिरत होते. आनंदनी फक्त दार उघडलं, पण धाडसाने उघडलं, त्याबद्दल मी त्यांना हात जोडते. आणि १९९२ च्या सप्टेंबरात निवडून आलेल्या चुआन लीकपाय यांच्या सरकारने ते दार बंद केलं नाही, पैसे वाढवले. मतपेटीतून आलेल्या सरकारलाही ते जमलं. १९९७ चं संविधान लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष आनंदच होते. ते संविधान २००६ मध्ये आणखी एका राष्ट्रप्रहाराने रद्द केलं. ज्या रीतीने त्यांना खुर्ची मिळाली त्याच रीतीने त्यांचं सर्वांत मोठं काम गेलं.

मीचायना १९९४ मध्ये आणि आनंदना १९९७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेनापतींना मिळाला नाही, एवढं मी अक्काला सांगितलं तेव्हा तिने टेबलावर थाप मारली.

आता कामाचं. रस्त्यावरच्या गाडीवर जेवाल त्यापेक्षा इथे जास्त पैसे लागतात, आणि मला ते देताना बरं वाटलं, कारण ते कुठे जातात ते माहीत आहे. अंधार पडल्यावर जा, झाडांवरचे दिवे तेव्हाच दिसतात. वाढत्या वयाची मुलं असतील तर त्यांना जरूर न्या. शेजारच्या टेबलावर एक थाई कुटुंब होतं, आजी, आई आणि तेरा-चौदा वर्षांची नात. पोरगी पुतळ्यासोबत फोटो काढत होती आणि आजी तिला नीट उभी राहा म्हणून खुणावत होती. मी माझ्या नोकरीत शाळांमध्ये बोलायला गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला ‘तो शब्द’ वगळून बोला म्हणून सांगितलं आहे, एकदा नाही, कित्येकदा. त्या आजीकडे मी बघत राहिले.

या हॉटेलचं बोधवाक्य जगप्रसिद्ध आहे, इथल्या जेवणाने गर्भ राहत नाही याची हमी. मी त्याचं मराठी करून सांगितलं तर अक्का मोठ्याने हसली, मग पदराने डोळे पुसले. कशासाठी पुसले ते मी विचारलं नाही.

बाहेर पडताना बडीशेप किंवा गोळ्या ठेवतात तशा जागी कंडोम ठेवलेले असतात, हवे तितके घ्या. अक्काने मूठभर घेतले. दिव्याखाली जाऊन एकेक पाकीट उजेडात धरलं, दोन बोटांनी दाबून आत हवा आहे का बघितलं, मग मला म्हणाली, “ताई, चष्मा द्या जरा, तारीख बघायची हाय.”